भिंतीवरचा गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी फहाहीलमधल्या त्या घरात वहिनी सगळ्यात आधी हॉलच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवते. खिळा मात्र भिंतीतच राहतो. भाड्याचं घर, खिळा काढला तर भोक बुजवायचं कुणी? त्यामुळे गेल्या दोन वर्षांत आम्ही तिथे बघितलेल्या प्रत्येक सिनेमात नायकाच्या डोक्याच्या आसपास कुठेतरी एक खिळा आहे. आता तो कुणाला दिसतही नाही.

फहाहील म्हणजे कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठचं गाव. तिथे माझा मावसभाऊ राहतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारची रात्र मोठी. खिडक्यांना उन्हासाठी ॲल्युमिनियमची फॉइल आधीच लावलेली असते, म्हणजे अंधाराची सोय झालीच. प्रोजेक्टर जाडजूड डिक्शनरीवर, स्पीकर फ्रिजवर आणि जमिनीवर दोन सतरंज्या. खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब येतं. भावाच्या ऑफिसातले दोघे येतात. लग्न झालेलं असूनही कुवेतच्या भाषेत ते ‘बॅचलर’, कारण बायका-मुलांचा व्हिसा काढण्याइतका पगार नाही. आणि मी असते. तेल कंपन्यांनी वसवलेल्या गावांवर परदेशात पीएच.डी. केली, आता त्याच विषयावर पुढचं काम करतेय, आणि त्या निमित्ताने अधूनमधून कुवेतला जाऊन राहते.

पॉडकास्टवर आपण स्थलांतरितांच्या कागदपत्रांबद्दल बोललो, तेव्हा एक प्रश्न राहून गेला होता: पासपोर्ट, करारपत्रं, पगाराच्या पावत्या यांच्या पलीकडे माणसं काय सांभाळतात? मला सुचलेलं उत्तर जरा विचित्र वाटेल. ती सिनेमे सांभाळतात. आणि बहुतेक वेळा ते सांभाळले जातात कपाटात ठेवल्यामुळे नाही, तर दुसऱ्याला ‘हे बघच’ म्हणून दिल्यामुळे. हे कसं, ते सांगते. त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ.

मेणबत्ती आणि भिंत

घरच्या भिंतीवर सिनेमा बघणं ही हल्लीची चैन आहे, असं आपल्याला वाटतं. पण भारतात सिनेमा तयार व्हायच्या आधीच भिंतीवरच्या चित्रांचं वेड आपल्याकडे होतं. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला ७ जुलै १८९६ रोजी. त्याच्या चार वर्षं आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांभरिक खरोलिका’चे प्रयोग सुरू केले होते. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणजे जादूचा कंदील. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग. एकापाठोपाठ आणि एकावर एक काचा सरकवून पुराणातल्या पात्रांना हालचाल द्यायची. पटवर्धन आणि त्यांची मुलं हे खेळ करत. म्हणजे हा धंदा घरातलाच होता.

मग येतात दादासाहेब फाळके. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला, हे तुम्ही शाळेतच वाचलं असेल. त्यानंतरचे काही महिने जास्त गमतीचे आहेत. त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली आणि रात्री घरात मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्रं पाडायला सुरुवात केली. झोप नाही, डोळ्यांना आराम नाही. या नादात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, उपचारांनंतर परत आली. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते कॅमेरा घेऊन आले. पहिला चित्रपट काढायला पैसे हवे होते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याचं रोप वाढताना थोडंथोडं चित्रित केलं. मिनिटभराची ती ‘अंकुराची वाढ’ त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली. ती बघून कर्ज द्यायला माणसं तयार झाली. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते वेगळेच.

मला या गोष्टीत एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ला कॉरोनेशन थिएटरात प्रेक्षक मिळाले, पण त्याच्याही आधी भारतीय सिनेमाला मोजके, बोलावून आणलेले प्रेक्षक मिळाले होते. ‘या, बसा, एक गंमत दाखवतो’ असं म्हणून.

घरात आलेली रिळं

तरीही घरात खराखुरा सिनेमा यायला दहा वर्षं लागली, आणि अडचण होती ती आगीची. थिएटरातली ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची. ती भडकली तर विझवता येत नाही. अशी वस्तू कोण घरात आणेल? १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटरची आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म आणली. दोन्ही सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटच्या. पट्टी अरुंद, यंत्र लहान, धोका कमी. मग कंपन्या गाजलेले चित्रपट कापून, छोटे करून घरच्या प्रोजेक्टरसाठी विकू आणि भाड्याने देऊ लागल्या. आपल्याकडे हा शौक अर्थातच संस्थानिक, मोठे व्यापारी आणि साहेबलोकांपुरता होता.

चित्रपटाच्या जाणकारांनी या कापलेल्या प्रतींना कायम नाक मुरडलं. पण पुढे काय झालं बघा. १९५४ मध्ये लंडनमधल्या केव्हिन ब्राउनलो नावाच्या शाळकरी मुलाकडे आबेल गान्सच्या ‘नेपोलियन’ची ९.५ मिलिमीटरची दोन रिळं आली. त्याने ती घरी लावली आणि थक्क झाला. १९२७ चा तो भव्य मूकपट तोवर तुकड्यातुकड्यांत विखुरला होता. ब्राउनलोने पुढचं अर्धं आयुष्य ते तुकडे जोडण्यात घालवलं. फ्रित्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चंही तसंच. त्याचा कापून टाकलेला मोठा भाग कायमचा गेला असं मानत होते. २००८ मध्ये तो अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात सापडला, एका १६ मिलिमीटरच्या प्रतीत. ओरखडे पडलेली, पण सुमारे पंचवीस मिनिटं परत मिळाली. ती मूळ प्रत एका समीक्षकाच्या खासगी संग्रहातून आली होती.

आपल्याकडे असं नशीब फार थोड्या चित्रपटांना लाभलं. हजारावर मूकपट बनले, पूर्ण उरले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढंच आज बघायला मिळतं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, दारोदार विचारून रिळं गोळा केली, म्हणून हेही हाती लागलं.

स्टुडिओंनी चांदीसाठी फिल्म वितळवल्या, गोदामांना आगी लागल्या. जे वाचलं ते पुष्कळदा कुणाच्या तरी घरात, संग्रहात, नाहीतर दुसऱ्या देशात गेलेल्या प्रतीमुळे वाचलं.

रुपयाच्या देशात

आता कुवेतकडे येऊ. आपल्याला कुवेत म्हणजे तेलानंतरचं कुवेत माहीत. पण तेलाच्या आधी इथल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. कुवेतची गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन आपल्या किनाऱ्यावर यायची आणि लाकूड, तांदूळ, मसाले घेऊन परत जायची. १९२३ पासून इथे भारतीय टपाल तिकिटं ‘कुवेत’ असा शिक्का मारून चालत, आणि चलन म्हणजे चक्क आपला रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, तेव्हा एका दिनाराला १३ रुपयांहून थोडे जास्त मोजले गेले. कुवेती बोलीत अजूनही पंख्याला ‘बांका’, चुलीला ‘चूला’ आणि ‘सरळ जा’ म्हणताना ‘सीदा’ म्हणतात. टॅक्सीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ड्रायव्हर माझ्याशी हिंदीत बोलतोय.

१९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं, १९४६ मध्ये पहिलं जहाज भरून गेलं आणि कुवेत ऑइल कंपनीने वाळवंटात अहमदी हे गाव वसवलं. फहाहीलहून ते गाडीने अगदी जवळ. माझा प्रबंध याच प्रकारच्या गावांवर आहे. अहमदीची रचना हुद्द्यानुसार, आणि खरं सांगायचं तर वंशानुसार होती. उत्तरेला ब्रिटिश-अमेरिकन अधिकाऱ्यांचे बंगले, मध्ये भारतीय-पाकिस्तानी कारकून आणि तंत्रज्ञ, दक्षिणेला अरब कामगार. कोण कुठल्या क्लबात बसणार, कोण कुणाच्या शेजारी बसून करमणूक करणार, हे आधीच ठरलेलं. कुवेतची चित्रपट कंपनी स्थापन झाली १९५४ मध्ये, त्यानंतर सार्वजनिक थिएटरं आली आणि हिंदी चित्रपटांना इथे अरब प्रेक्षकही भरपूर मिळाले.

पण मराठी? हिंदीच्या गर्दीत मराठी चित्रपट इथल्या थिएटरात क्वचितच लागायचा, आजही क्वचितच लागतो. म्हणून मराठी माणसाचा सिनेमा इथे पहिल्यापासून घरातला. त्याला खरी संधी मिळाली ती व्हिडिओमुळे. १९७६ मध्ये व्हीएचएस आलं आणि काही वर्षांतच कुवेत हा घरटी सर्वाधिक व्हीसीआर असलेल्या देशांमध्ये गणला जाऊ लागला. हातात पैसा, बाहेर असह्य उकाडा, करमणुकीची ठिकाणं मोजकी आणि थिएटरात सेन्सॉरची कात्री. मग घरातला पडदा जिंकणारच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आखातात नक्कल केलेल्या कॅसेट्सनी मुंबईच्या निर्मात्यांचं बरंच नुकसान केलं. भारतात १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा समावेश करावा लागला, तो या सुळसुळाटामुळेच. तेव्हा घरातल्या सिनेमाचं कौतुक करताना आपण सगळे हात झटकून मोकळे होऊ शकत नाही.

अकरा कॅसेट्स आणि एक

माझी मावशी आणि काका ऐंशीच्या दशकात कुवेतला सालमियात राहायचे. मूळचे चिपळूणचे. त्यांच्या कपाटात, मावशीच्या हिशोबाप्रमाणे, बारा कॅसेट्स होत्या. काही सिनेमे, काही मित्राच्या कॅमेऱ्यावर घेतलेलं घरचं चित्रण: गणपती, हळदीकुंकू, समुद्रावरची सहल आणि माझ्या मावसभावाचा दुसरा वाढदिवस. मावशी व्यवस्थित बाई. कॅसेट्स प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. कुणी मागितली तरी देत नसे. ‘लोक परत करत नाहीत,’ हे तिचं ठाम मत.

१९८९ च्या सुट्टीत फक्त वाढदिवसाची कॅसेट ती चिपळूणला घेऊन गेली, आजीला नातू दाखवायला. आमच्या घरी व्हीसीआर नव्हता, म्हणून वाडीतल्या एका ओळखीच्यांकडे खेळ झाला. अर्ध्या वाडीने तो बघितला. कॅसेट तिथेच राहिली. मावशीने कुवेतला परतल्यावर पत्रातून दोनदा आठवण केली, मग नाद सोडला.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तिथून बाहेर काढलं गेलं. बरेचसे बसने इराकमार्गे जॉर्डनला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. मावशी-काका सप्टेंबरमध्ये पोहोचले. दोन बॅगा आणि चार वर्षांचा मुलगा. कपाटाची किल्ली मावशीच्या मंगळसूत्राला अडकवलेली होती. कपाटाचं काय झालं ते कधीच कळलं नाही.

महिनाभराने तिला ती कॅसेट आठवली. वाडीतल्या घरी जाऊन विचारलं तर टीव्हीखालच्या कप्प्यात होती. लावून बघितली. एकोणीस मिनिटं वाढदिवस: सालमियाचा हॉल, क्रेपच्या पताका, केक, काका कॅमेऱ्याकडे बघून उगाचच हात हलवतायत. मग एक पांढरी खरखर आणि थेट दूरदर्शनचं ‘महाभारत’. त्या घरच्यांनी उरलेल्या टेपवर एक रविवार रेकॉर्ड करून टाकला होता! मावशी तेव्हा चिडली. आता तीच हसून सांगते, ‘जपलेल्या अकरा गेल्या. दिलेली एक राहिली, तीसुद्धा कौरवांसकट.’

एका कॅसेटवरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. दिलेल्या असंख्य वस्तू परत येत नाहीत, मावशीचं मत काही अगदीच चूक नव्हतं. पण ब्राउनलोची रिळं, अर्जेंटिनातली प्रत आणि चिपळूणच्या टीव्हीखालची कॅसेट यांत एक गोष्ट सारखी आहे. मालकाच्या हातून ती सुटली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात पोहोचली होती. एकाच जागी ठेवलेली वस्तू त्या जागेबरोबर जाते. आणि कुवेतमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना जागेची खात्री कधीच नसते. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की घर गेलं.

मग लावायचं काय?

हा इतिहास सांगून झाल्यावर लोक मला हमखास हेच विचारतात. तर फहाहीलच्या भिंतीवर चाललेल्या आणि मी तुम्हाला मनापासून सुचवेन अशा काही गोष्टी.

सुरुवात फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ने करा. १९१९ चा मूकपट, कृष्णाच्या कामात त्यांची मुलगी मंदाकिनी. संवाद नसल्यामुळे मल्याळी शेजारी, तेलुगू सहकारी, सगळे एका पातळीवर येतात. आमच्याकडे पोरांनी ताटल्या वाजवून पार्श्वसंगीत दिलं होतं. लगेच पुढच्या आठवड्यात परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा. फाळक्यांच्या घरातली धांदल स्वतःच्या हॉलमध्ये बसून बघण्यात वेगळीच मजा आहे.

१९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ तर हवाच. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता, पण ते विसरून बघा. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा भिंतीएवढा झाला की खोलीतली कुजबुज आपोआप थांबते.

आणि एक कुवेती चित्रपट: खालिद अल-सिद्दीक यांचा ‘बस या बहर’, १९७२. कुवेतचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. कृष्णधवल, तेलाच्या आधीच्या काळातला, मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारणाऱ्यांचा. नावाचा अर्थ ‘पुरे आता, समुद्रा’. ‘बस’ हा शब्द आपल्याला भाषांतराशिवाय कळतो. ज्या शहरात आपण काचेच्या इमारतींखेरीज काही बघत नाही, तिथली माणसं दोन पिढ्यांपूर्वी कर्ज फेडायला जीव धोक्यात घालत होती, हे बघून आमच्या खोलीतले दोघे ‘बॅचलर’ बराच वेळ गप्प होते. मग त्यातला एक म्हणाला, ‘म्हणजे हेसुद्धा आपल्यासारखेच की.’ इतिहासाच्या वर्गात हे वाक्य मी कुणाच्या तोंडून काढू शकले नसते.

माहितीपटांत शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा पी. के. नायर यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’, आणि महाराष्ट्रातल्या तंबू थिएटरांवरचा, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. चित्र उगाच मोठं करू नका. रुंदी दुप्पट केली तर उंचीही दुप्पट होते, तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्र फिकं पडतं. जुनी प्रत किंवा व्हीएचएसवरून घेतलेलं चित्रण असेल तर प्रोजेक्टर भिंतीच्या जवळ आणा, लहान चित्र जास्त खरं दिसतं. आणि घरच्यांना, मित्रांना दाखवणं वेगळं, हॉल घेऊन तिकीट लावणं वेगळं. तिकीट लावायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्या.

गेल्या खेपेला सिनेमाच्या आधी आम्ही ती एकोणीस मिनिटं लावली. चिपळूणहून फाइल करून आणली होती. भावाने प्रोजेक्टर इतका पुढे आणला की चित्र जेमतेम दीड हात झालं. भिंतीवर १९८८ चं सालमिया, सतरंजीवर आजचं फहाहील. भाच्याने विचारलं, ‘बाबा, हे बाळ कोण?’ आणि उत्तर यायच्या आत महाभारत सुरू झालं. मल्याळी काकूंनी सांगितलं, पुढचं लावा, छान चाललंय.

तुमच्या घरात अशी एखादी कॅसेट असेल तर थांबू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी २०१६ मध्ये थांबली, आणि चुंबकीय टेप दरवर्षी थोडी थोडी पुसत जाते. फाइल करून घ्या. पण ती फाइलसुद्धा एकाच फोनमध्ये कुलूप लावून ठेवू नका. चार जणांना पाठवा, एखाद्या गुरुवारी भिंतीवर लावा, आणि कुणी मागितली तर द्या. परत नाही आली तरी चालेल.